पेंड वाढली, एसएनएफ मात्र आठवरच

फेब्रुवारीचा शेवट. केज आणि कळंबच्या मधला मांजराकाठचा ऊसपट्टा. दावणीला तीन संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाई, एक देशी देवणी गाय, एक म्हैस आणि दोन कालवडी. त्यातल्या एका गाईचं हे प्रकरण. तिचं तिसरं वेत, डिसेंबरच्या सुरुवातीला व्यालेली, म्हणजे विण्याला ऐंशी दिवस झालेले. जानेवारीत दिवसाला 14 लिटर दूध होतं, आता दोन्ही वेळचं मिळून साडेनऊ. संकलन केंद्रावर फॅट 3.9 लागतोय, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) 8.0. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून ठरतो आणि त्याखाली गेलं की कपात सुरू होते. म्हणजे दूधही घटलं आणि लिटरमागचा भावही. एकदा भरवली, एकवीस दिवसांनी उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. दावं चघळते, मोकळी सोडली की भिंतीची माती चाटते.

मालकानं अशा वेळी बहुतेक जण करतात तेच केलं. सरकी पेंड तीन किलोची चार किलो केली. फॅट एक-दोन पॉइंट (म्हणजे 0.1-0.2) वर सरकला, एसएनएफ जागचा हलला नाही, दूध उतरतच राहिलं. आता पेंड पाच किलो करावी का, एवढाच प्रश्न त्याच्यापुढे होता.

(गोठा प्रातिनिधिक आहे. या पट्ट्यात ऊसतोडीच्या हंगामात सर्रास दिसणारी स्थिती एका गाईवर मांडली आहे, आणि हिशेब हातानं करता यावा म्हणून आकडे गोळाबेरीज करून घेतले आहेत.)

आधी चाऱ्याबाहेरची कारणं

एसएनएफ घसरला म्हणून लगेच खुराकाला हात घालू नये. छुपी दगडी असली तरी एसएनएफ पडतो. कास सुजलेली दिसत नाही, दुधात गाठी येत नाहीत, पण आत दाह असतो आणि दुधातली साखर कमी होते. म्हणून चारही सडांचं दूध वेगवेगळं घेऊन सीएमटी ही दगडी ओळखायची तपासणी केली. चारही सडांचं दूध पातळच राहिलं, चिकट झालं नाही. शेणाच्या तपासणीत जंतांचा भार नव्हता. ताप नव्हता. केंद्रावर दूध गरम असतानाच लॅक्टोमीटर टाकतात का, हेही पाहिलं, कारण तापमानाची दुरुस्ती न करता घेतलेलं रीडिंग फसवं असतं. तिथेही चूक सापडली नाही. मग गव्हाणीकडे वळलो.

टेप आणि वजनकाटा

गाईचं वजन माहीत नसेल तर रेशनचा हिशेब म्हणजे अंदाजपंचे. काटा नसला तरी शिंप्याची टेप चालते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर घ्यायचा, आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत लांबी घ्यायची. दोन्ही मापं इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, की वजन किलोत येतं. या गाईचा घेर 66 इंच, लांबी 60. उत्तर 396, म्हणजे 400 किलो धरायला हरकत नाही. बरगड्या दुरून मोजता येत होत्या, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खड्डे पडलेले. पाचपैकी अंगाचे गुण सव्वादोन. या टप्प्यावर अडीचच्या खाली गेलेली गाय गाभण राहायला त्रास देते.

दुसरं काम चारा तोलण्याचं. "दोन पेंढ्या टाकतो" या मापात काहीच कळत नाही, एका पेंढीत पाच किलो असतात की आठ, हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. चोवीस तासांत टाकलेलं सगळं तोललं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गव्हाणीत उरलेलंही तोललं. उरलेलं तोलायचं बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही, आणि नेमकी तिथेच गोम असते.

उसाचे वाढे (तोडणीनंतर उरणारे हिरवे शेंडे) 25 किलो टाकले होते, अख्खे, न चिरता. कडक बुडखे आणि चिखल लागलेले मिळून पाच किलो तसेच उरले. पोटात गेले 20 किलो. सोयाबीनचं भुसकट दोन किलो टाकलं, त्यातलं दीड किलो खाल्लं, बाकीच्या काड्या पायाखाली गेल्या. सरकी पेंड चार किलो, ती पूर्ण संपली. खनिज मिश्रण नाही. मीठ नाही. पाणी सकाळ-संध्याकाळ दोन वेळा दाखवायचे.

तिनं प्रत्यक्षात काय खाल्लं

चाऱ्याचं ओलं वजन विसरायचं. त्यातलं पाणी काढून टाकलं की उरतं ते कोरडं वजन, पोषण सगळं त्यात. वाढ्यांत 100 किलोमागे सुमारे 28 किलो कोरडं असतं, भुसकट आणि पेंडीत सुमारे 90. पुढचे दोन आकडे प्रथिनांचे आणि टीडीएनचे. टीडीएन म्हणजे चाऱ्यातला एकूण पचणारा भाग, ऊर्जेचं सोपं माप.

वाढे 20 किलो: कोरडं 5.6 किलो, प्रथिनं 0.31 किलो, टीडीएन 2.80 किलो.
सोयाबीन भुसकट दीड किलो: कोरडं 1.35, प्रथिनं 0.07, टीडीएन 0.57.
सरकी पेंड 4 किलो: कोरडं 3.6, प्रथिनं 0.83, टीडीएन 2.52.
एकूण: कोरडं साडेदहा किलो, प्रथिनं 1.21, टीडीएन 5.89.

आता गरज. 400 किलोच्या गाईला नुसतं उभं राहायला, म्हणजे शरीर चालवायला, रोज सुमारे 3.13 किलो टीडीएन आणि 0.32 किलो प्रथिनं लागतात. साडेतीन फॅटच्या प्रत्येक लिटरमागे आणखी 0.30 किलो टीडीएन आणि 84 ग्रॅम प्रथिनं. या दिवसांत या गाईकडून 13 लिटरची अपेक्षा रास्त होती. त्यासाठी टीडीएन सात किलोच्या वर हवा, प्रथिनं 1.41 आणि कोरडं वजन बारा-साडेबारा किलो, म्हणजे शरीराच्या वजनाच्या तीन टक्क्यांच्या आसपास.

साडेनऊ लिटरला लागणारा टीडीएन काढला तर तो सहा किलोच्या जवळ येतो, आणि तिला मिळत होता 5.89. म्हणजे गाईनं हिशेब स्वतःच जुळवून घेतला होता. जेवढी ऊर्जा, तेवढं दूध. साडेनऊ लिटरला प्रथिनं मात्र 1.12 किलो पुरतात, आणि तिला त्याहून जास्तच मिळत होती. तुटवडा प्रथिनांचा नव्हता, ऊर्जेचा होता. पेंडीच्या पोत्यावर प्रथिनांचा टक्का छापलेला असतो, म्हणून सगळं लक्ष तिकडेच जातं.

जानेवारीतलं 14 लिटर कुठून आलं? अंगावरून. विल्यानंतरचे पहिले दोन महिने गाय दुधाला जेवढं लागतं तेवढं खाऊ शकत नाही, ती साठवलेली चरबी जाळून दूध देते. साठा संपला तसं दूध उतरलं.

फॅट चांगला असूनही

3.9 फॅट पाहून मालकाला वाटलं, खुराक तर बरोबर आहे. इथेच फसगत होते. फॅट आणि एसएनएफ वेगवेगळ्या वाटांनी येतात. कोठीपोटात (गाईच्या पहिल्या, सगळ्यात मोठ्या पोटात) तंतुमय चारा कुजला की जी आम्लं तयार होतात त्यातून दुधाचा फॅट बनतो. वाढे-भुसकटावरच्या गाईत त्याला तोटा नसतो. त्यात सरकी पेंडीतलं तेल, आणि गाय अंगावरची चरबी जाळत असेल तर तीही दुधात उतरते. दूध कमी झालं की तेवढाच फॅट कमी लिटरमध्ये वाटला जातो, हे वेगळंच. म्हणजे रोडावणाऱ्या गाईचा फॅट काही दिवस उलट चढलेला दिसू शकतो.

एसएनएफ म्हणजे दुधातली साखर, प्रथिनं आणि क्षार. खुराकानं क्षार आणि साखर फारशी हलत नाहीत, प्रथिनं हलतात. ती प्रथिनं बरीचशी कोठीपोटातल्या जिवाणूंच्या शरीरातून येतात. पेंड पोटात गेली की तिच्यातल्या प्रथिनांचा मोठा भाग फुटून अमोनिया होतो. जिवाणू तो पकडून स्वतःचं शरीर वाढवतात, पण त्यासाठी त्याच वेळी त्यांना पिठूळ, पटकन पचणारी ऊर्जा लागते. ती नसली की अमोनिया रक्तात जातो, यकृत त्याचा युरिया करतं, आणि तो मूत्रावाटे बाहेर पडतो. विकत घेतलेली पेंड गोठ्याच्या नाल्यात, आणि हा युरिया करायलाही गाईची थोडी ऊर्जा खर्ची पडते. रक्तात युरिया फार वाढला तर गर्भाशयातलं वातावरण बिघडतं. उलटण्यामागे याचाही हात असू शकतो, मात्र या गाईत मुख्य कारण रोडावलेलं अंग हेच धरावं लागेल.

पाचवा किलो पेंड घातला असता तर? थोडी ऊर्जा नक्कीच वाढली असती, सुमारे 0.63 किलो टीडीएन. पण कोणत्या भावात, ते पाहू. समजा सरकी पेंड 36 रुपये किलो आणि मक्याचा भरडा 26 रुपये. पेंडीत 63 टक्के टीडीएन धरला तर एक किलो टीडीएन 57 रुपयांना पडतो. मक्यात तो 76 टक्के, म्हणजे 34 रुपये. प्रथिनांसाठी सोयाबीन पेंड समजा 50 रुपये: 44 टक्क्यांनी एक किलो प्रथिन 114 रुपयांना, तर सरकी पेंडीतून तेच 170च्या वर. भाव रोज बदलतात, पण भागाकार तोच. पोत्याचा भाव बघून खरेदी करण्याऐवजी टक्क्यानं भागून करावी. लातूर-उदगीरच्या पट्ट्यात सोयाबीन पेंड हाताशी असताना प्रथिनांसाठी फक्त सरकीवर विसंबणं महागात पडतं.

नवं आंबोण

आंबोणाचं, म्हणजे मिश्र खुराकाचं, 100 किलोचं मिश्रण असं ठरलं: मका भरडा 34 किलो, सरकी पेंड 25, सोयाबीन पेंड 18, गव्हाचा कोंडा 10, तुरीची चुनी 10, खनिज मिश्रण 2, मीठ 1. यात साडेअठरा टक्क्यांच्या आसपास प्रथिनं आणि 66 टक्के टीडीएन बसतो. मका कणीएवढा जाड भरडायचा. पीठ केलं तर कोठीपोटात एकदम आंबतं. अख्खा ठेवला तर शेणात जसाच्या तसा बाहेर येतो. शेण चाळणीत धुऊन पाहिलं की किती दाणे वाया जातात ते दिसतं.

एवढी खटपट नको असेल तर तयार गोळीपेंड आहे. मानकाप्रमाणे पहिल्या प्रकारात किमान 22 टक्के आणि दुसऱ्यात 20 टक्के प्रथिनं असतात. गोणीवरची चिठ्ठी वाचून घ्यावी, नुसतं "सुग्रास" म्हणून मागू नये.

सरकी पेंड पूर्ण बंद केली नाही. तिच्यातला तंतू आणि तेल फॅटला धरून ठेवतात. मात्र ढेप फोडून आत बघितल्याशिवाय घेऊ नये. हिरवट-काळी बुरशी, कुबट वास असला तर त्यात अफ्लाटॉक्सिन असू शकतं, आणि ते दुधातही उतरतं. भारतात दुधात त्याची मर्यादा किलोमागे 0.5 मायक्रोग्रॅम आहे. बुरशी लागलेली पेंड वाळवून किंवा उकळून हे विष जात नाही.

चाऱ्याचा भाग असा: वाढे 25ऐवजी 15 किलो, पण कडबाकुट्टी यंत्रातून दोन-तीन सेंटिमीटर चिरून. ज्वारीचा कडबा कुट्टी करून 3 किलो. बांधावरची शेवरी 5 किलो. आंबोण 5 किलो. हिशेब पुन्हा मांडला तर कोरडं साडेबारा किलो, प्रथिनं 1.47, टीडीएन 7.45. गरजेपेक्षा थोडं जास्त, कारण अंगही भरून यायचं आहे. आंबोणाचा वाटा एकूण कोरड्या वजनाच्या 36 टक्के. पन्नाशीच्या खाली राहिलं की रवंथ टिकतो.

कडब्याबद्दल एक तक्रार नोंदवायलाच हवी. मराठवाड्यात खरिपाची ज्वारी गेली आणि तिथे सोयाबीन आलं. दाण्याचा पैसा जास्त मिळाला, पण वैरण गेली. सोयाबीनच्या भुसकटात लाकूडपणा इतका असतो की जनावराचं पोट भरतं, पण हाती फार काही लागत नाही. युरिया प्रक्रियेचा सल्ला या भुसकटालाही सरसकट दिला जातो. ती कडबा, गव्हाचं काड, भाताचा पेंढा अशा तृणधान्याच्या वैरणीवर चांगली चालते, द्विदलाच्या भुसकटावर नाही. करायचीच तर 100 किलो काडाला 4 किलो युरिया 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरानं शिंपडायचा, दाबून प्लास्टिकनं हवाबंद करायचं, 21 दिवसांनी उघडून वास जाईपर्यंत पसरून मग द्यायचं. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना कधीच नाही. युरियाचं पाणी उघड्यावर ठेवू नये, एखादी गाय ते प्यायली तर तासाभरात प्रकरण हाताबाहेर जातं.

खर्च वाढला, हे आधीच सांगितलेलं बरं. वरचेच भाव धरले, कोंडा-चुनी 26 ते 28 रुपये आणि खनिज मिश्रण 120 रुपये किलो धरलं, तर मिश्रण 35 रुपये किलोच्या आत पडतं. चार किलो सरकी पेंडीचे 144 रुपये जात होते, आता पाच किलो आंबोणाचे 174. वर कडब्याचे पैसे. गायीनं अडीच लिटर वाढवून दिलं आणि एसएनएफची कपात थांबली तरच हे परवडतं, म्हणून निकाल रोज लिहायचा.

बदलताना झालेली चूक

कोठीपोटातले जिवाणू चाऱ्याप्रमाणे बदलतात, पण त्यांना वेळ लागतो. ठरलं होतं की दर तीन दिवसांनी जुन्या पेंडीचा एक किलो कमी आणि नव्या आंबोणाचा सव्वा किलो वाढवायचा, म्हणजे बारा दिवसांत पूर्ण बदल. सहाव्या दिवशी सकाळी घरातल्या दुसऱ्या माणसानं जुना आणि नवा दोन्ही खुराक एकदमच घातला, तोही गाय रात्रभर जवळपास रिकाम्या गव्हाणीसमोर उभी असताना. दुपारपर्यंत रवंथ थांबला. शेण पातळ, राखाडी, आंबूस वासाचं, वर फेस. संध्याकाळचं दूध दीड लिटरनं कमी.

पिठूळ पदार्थ एकदम आंबून कोठीपोटात आम्ल साचलं, एवढाच अर्थ. त्या दिवसापुरतं आंबोण पूर्ण बंद, फक्त कडबा आणि भरपूर पाणी. खाण्याचा सोडा 50 ग्रॅम सकाळी आणि 50 ग्रॅम संध्याकाळी, गुळाच्या गोळ्यात मिसळून. तोंड वर ओढून नाळीनं काही पाजायचं नाही, सुस्तावलेल्या जनावराच्या श्वासनळीत पाणी जाऊन मरण येतं. गाय बसली, दात खाऊ लागली, पोट गच्च झालं, तर घरगुती उपाय सोडून डॉक्टर बोलवायचा. या गाईचा रवंथ दुसऱ्या दिवशी परतला, आणि बदल एक पायरी मागे घेऊन पुन्हा सुरू केला.

त्यानंतर दोन नियम पाळले गेले. आंबोणाच्या आधी निदान दोन किलो कडब्याची कुट्टी पोटात गेली पाहिजे. आणि पाच किलो एकदम नाही, सकाळी अडीच, संध्याकाळी अडीच. पेंड रात्रभर भिजत घालायची सवयही मोडावी लागली. मार्चच्या उन्हात ती सकाळपर्यंत आंबते. अर्धा तास आधी पाणी शिंपडून ओलसर केली की पुरे.

मीठ, चुना आणि पाणी

माती चाटणं, दावं चघळणं, दुसऱ्या जनावराचं मूत्र चाटणं ही क्षारांच्या भुकेची लक्षणं. पेंड आणि कोंड्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम अगदी कमी. वाढ्यांतलं ऑक्झॅलेट आहे ते कॅल्शियमही बांधून ठेवतं. 13 लिटर दुधासाठी सुमारे 55 ग्रॅम कॅल्शियम आणि 35 ग्रॅम फॉस्फरस रोज हवा. फॉस्फरस पेंडीतून जवळपास मिळत होता, कॅल्शियम नाही. आंबोणातल्या दोन टक्क्यांमुळे आता रोज 100 ग्रॅम खनिज मिश्रण जातं, आणि 50 ग्रॅम मीठ. वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडण्याची जुनी पद्धत चांगली आहे, मात्र तिनं कॅल्शियमच मिळतं, तांबं-जस्त-कोबाल्ट नाही. ती खनिज मिश्रणाला पर्याय होत नाही. मीठ सुरू केल्यावर आठवड्याभरात दावं चघळणं बंद झालं. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी दिसणारा बदल हाच.

पाण्याचं काय? दूध म्हणजे 87 टक्के पाणी. उन्हाळ्यात अशा गाईला रोज 80 ते 100 लिटर लागतं, आणि दोन वेळा दाखवून ती एवढं पिऊच शकत नाही. कमी पाणी म्हणजे कमी चारा. बोअरची टाकी उन्हात होती, दुपारी पाणी आंघोळीच्या पाण्यासारखं. गोठ्यातच गव्हाणीशेजारी सिमेंटचा छोटा हौद बांधला, वर पाचट टाकून सावली केली, पाणी दिवसरात्र भरलेलं. मार्चमध्ये ऊन चाळिशीकडे जायला लागलं तसा चाऱ्याचा वेळही बदलला. वैरण पचताना अंगात उष्णता तयार होते, म्हणून दोन तृतीयांश चारा संध्याकाळी सहानंतर आणि पहाटे. दुपारी अकरा ते चार गव्हाणीत काही टाकायचं नाही, टाकलेलं ती खातही नाही.

काय झालं

पहिला आठवडा काहीच नाही, उलट त्या चुकीमुळे घट. तिसऱ्या आठवड्यात 11 लिटर, पाचव्यात 12 ते सव्वाबारा. 14 परत आलं नाही, आणि येणारही नव्हतं. चढ ओसरल्यावर गेलेलं दूध त्या वेतात पूर्ण भरून येत नाही. एसएनएफ चौथ्या आठवड्यात 8.4, पुढे बहुतेक दिवस 8.5. फॅट 3.9वरून 3.7वर आला, तेव्हा घरात पुन्हा पेंडीची चर्चा झाली. 12 लिटरला 3.7 म्हणजे रोज 444 ग्रॅम फॅट, साडेनऊला 3.9 म्हणजे 370, हा गुणाकार वहीत मांडून दाखवल्यावर ती थांबली.

गाभण राहण्याला खुराकाचं उत्तर उशिरा मिळतं. आजच्या माजातलं बीज वाढायला दोन-तीन महिने आधी सुरुवात झालेली असते, तेव्हाची उपासमार आजच्या माजात दिसते. म्हणून मार्चमधला माज सोडून दिला. अंगाचे गुण अडीचच्या वर गेल्यावर एप्रिलच्या शेवटी भरवली. एकविसाव्या दिवशी उलटली नाही. गाभण तपासणी दोन-अडीच महिन्यांनी करायची.

त्याच दावणीची बाकीची जनावरं

हे रेशन या एका गाईचं. देवणी त्याच गव्हाणीत तेच वाढे खाऊन ठणठणीत होती, कारण तिचं दूध तीन-चार लिटर. तिला दीड-दोन किलो आंबोण पुरतं, पाच किलो दिलं तर पैसे अंगावर चढतात. ढोबळ हिशेब असा: वैरण अगदी हलकी, नुसतं काड-भुसकट असेल तर शरीरासाठी दीड किलो (वाढे-शेवरी असेल तर त्याहून कमी), वर गाईला दर अडीच ते तीन लिटरमागे एक किलो, म्हशीला दर दोन लिटरमागे एक किलो. म्हशीच्या दुधात फॅट जवळपास दुप्पट, म्हणून लिटरमागे खुराकही जास्त. कालवडींच्या वाट्याला उरलेले वाढे यायचे, ते बंद करून दोघींना एक-एक किलो आंबोण सुरू झालं. त्या उशिरा माजावर आल्या तर गेलेल्या महिन्यांचा भुर्दंड याच गोठ्याला.

वाढे संपल्यावर

कारखान्याचं गाळप थांबलं की वाढे संपतात. एप्रिलपासून 15 किलो वाढ्यांच्या जागी 14 किलो मक्याचा मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) विकत घेतला. कोरडं वजन तेवढंच, ऊर्जा आणि प्रथिनं जास्त, त्यामुळे आंबोण अर्धा किलोनं कमी करता आलं. पण उन्हाळ्यात मुरघासाचा भाव चढलेला असतो.

पुढच्या वर्षासाठी जूनमध्ये अर्धा एकर मका ठरवली आहे. तीन संकरित गाई, रोज 15 किलो, 120 दिवस: 5.4 टन मुरघास. घनफुटाला 15 ते 16 किलो बसतो, म्हणून 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 6 फूट खोल खड्डा पुरे होतो. कणसातला दाणा दुधाळ संपून चिकाचा झाला की, साधारण 75 ते 85 दिवसांनी, कापायची. दोन सेंटिमीटर कुट्टी, प्रत्येक थर ट्रॅक्टरच्या चाकानं किंवा पायानं दाबून, एका दिवसात, फार तर दोन दिवसांत, खड्डा बंद. कापणीच्या आठवड्यात पाऊस असेल तर चार दिवस थांबलेलं बरं. ओली मका दाबली तर रस खाली साचतो आणि वासच सांगतो की खड्डा बिघडला. 45 दिवस उघडायचा नाही. उघडल्यावर रोज समोरून पूर्ण थर कापायचा, नाहीतर हवा लागलेला थर गरम होऊन बुरशी धरतो. खड्डा गोठ्याच्या पूर्वेला, उंचवट्यावर आखून ठेवला आहे. मांजराकाठची जमीन काळी, पावसात पाणी धरून ठेवणारी, म्हणून तळाला आणि बाजूंना जाड प्लास्टिक लागेल.